आडात नाही तर पोहऱ्यात कुठून?

आपल्याकडे एक म्हण आहे : आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? नगरपालिकेत गेलो, पंचायत समितीत गेलो किंवा सरकारी दवाखान्याच्या खिडकीशी उभे राहिलो, की आम्हाला हेच उत्तर मिळते. शब्द तेवढे वेगळे असतात. ‘वरून निधीच आलेला नाही’, ‘तरतूद संपली’, ‘प्रस्ताव पाठवला आहे, बघू’. सांगणारा कारकून बहुधा खोटे बोलत नसतो. त्याच्या टेबलापर्यंत खरोखरच काही पोहोचलेले नसते. आम्हीही मान हलवून घरी परततो. विहीरच आटली असेल तर पोहरा सोडणाऱ्याशी भांडून काय मिळणार?

आम्ही म्हणजे कोण? ज्यांच्या घरात पालिकेच्याच नळाने पाणी येते, ज्यांची मुले पालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात, मग ती शाळा मराठी असो वा उर्दू, ज्यांच्या घरातली बाळंतीण प्राथमिक आरोग्य केंद्रात जाते आणि ज्यांचे मूल अंगणवाडीच्या सतरंजीवर बसून पहिले अक्षर गिरवते, ते आम्ही. शहरात, गावात, प्रत्येक जातीत आणि प्रत्येक धर्मात आम्ही आहोत. आमच्यासाठी सरकार म्हणजे दिल्ली किंवा मुंबई नाही. आमच्यासाठी सरकार म्हणजे नळ सोडणारा माणूस, सफाई कामगार, नर्सबाई आणि मास्तर.

म्हणूनच वरच्या म्हणीतली गोम आम्ही नीट पाहिली पाहिजे. पाऊस पडला नाही म्हणून विहीर आटते, तेव्हा दोष कोणालाच देता येत नाही. निधी मात्र आपोआप आटत नाही. कुठल्यातरी बैठकीत, कुठल्यातरी कागदावर एक आकडा खोडून त्याच्या जागी दुसरा लिहिला गेलेला असतो. तो लिहिणारा माणूस असतो, त्याच्यापुढे दुसरे पर्याय असतात आणि त्यांतला एक त्याने निवडलेला असतो. जिथे निवड आहे तिथे नीतीचा प्रश्न येतोच. केंद्राने अंदाजपत्रकात कपात केली तर आमच्या गल्लीतल्या सेवेचे काय होईल, हा प्रश्न वरवर हिशेबाचा दिसतो. आमच्या मते तो आधी जबाबदारीचा आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच मान्य करू. काटकसर हा गुन्हा नाही. कर्ज काढून सण साजरा करू नये, हे आम्ही आमच्या घरातच शिकतो. सरकारनेही उद्याच्या पिढीच्या डोक्यावर बोजा ठेवून आजचा थाट करू नये. संसदेने २००३ साली वित्तीय शिस्तीचा कायदा केला तो याच विचाराने. तेव्हा ‘कपात कधीच करू नका’ असे आम्ही म्हणत नाही. कपात कोणी करावी, तिची झळ कोणी सोसावी आणि तिचे उत्तर कोणी द्यावे, एवढेच आम्ही विचारतो.

हा प्रश्न कुठे अडतो ते कळण्यासाठी पैशाची वाट पाहावी लागेल. आपले राज्ययंत्र तीन मजली आहे. सर्वांत वर केंद्र, मध्ये राज्य आणि तळमजल्यावर महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद व ग्रामपंचायत. १९९२ मध्ये झालेल्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने तळमजल्याला घटनेत मानाचे स्थान दिले. पंचायतींसाठी २९ विषयांची आणि पालिकांसाठी १८ विषयांची यादी घटनेच्या परिशिष्टात गेली. पाणी, स्वच्छता, आरोग्य, प्राथमिक शिक्षण, रस्ते, दिवाबत्ती, सगळे त्यात आहे. पण यादीबरोबर तिजोरीची किल्ली मात्र खाली आली नाही. देशातल्या सर्व नगरपालिका आणि महानगरपालिकांचे मिळून उत्पन्न सकल देशांतर्गत उत्पादनाच्या एक टक्क्याच्या आसपास आहे. काम तळमजल्यावर आणि पैसा माडीवर, अशी ही रचना आहे. त्यामुळे माडीवर कोणी हात आखडला की तळमजल्यावर चूल विझते.

हे प्रत्यक्षात कसे घडते, त्याचे एक उदाहरण २०१५ सालचे आहे. चौदाव्या वित्त आयोगाने केंद्राच्या विभाज्य करांतला राज्यांचा वाटा ३२ टक्क्यांवरून ४२ टक्के करावा अशी शिफारस केली आणि केंद्राने ती स्वीकारली. निर्णय चांगला होता. दिल्लीतून योजना आखून चांदा ते बांदा एकच माप लावण्यापेक्षा राज्यांना मोकळा पैसा द्यावा, त्यांनी आपापल्या गरजेप्रमाणे खर्च करावा, हे तत्त्व आम्हालाही पटते. पण त्याच वर्षीच्या अंदाजपत्रकात दुसऱ्या हाताने बरेच काही काढून घेतले गेले. मागास जिल्ह्यांना मिळणारे अनुदान बंद झाले. पंचायतींच्या सक्षमीकरणाची योजना केंद्राच्या मदतीतून वगळली गेली. अंगणवाड्या ज्या योजनेतून चालतात त्या एकात्मिक बालविकास योजनेची तरतूद आदल्या वर्षीच्या अंदाजपत्रकात १८ हजार कोटींहून अधिक होती, ती निम्म्याहूनही खाली आली. पोषण आहार सोडून इतर खर्चाचा ९० टक्के भार पूर्वी केंद्र उचलत असे, तो वाटा पुढे ६० टक्क्यांवर आणला गेला. खुद्द महिला व बालविकास मंत्री मनेका गांधी यांनी या कपातीबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली आणि वर्ष संपण्याआधी तरतूद पुन्हा वाढवावी लागली.

केंद्र म्हणाले, आम्ही राज्यांना जास्त दिले आहे, आता त्यांनी पाहावे. राज्ये म्हणाली, एका हाताने दिले आणि दुसऱ्याने नेले. दोघांचेही म्हणणे काही अंशी खरे होते. पण या दोन खऱ्या बोलण्यांच्या मध्ये अंगणवाडीतले तीन वर्षांचे मूल उभे होते आणि त्याला दोघांपैकी एकाचेही बोलणे खाता येत नव्हते. पुढे आणखी एक गोष्ट झाली. केंद्र जे उपकर आणि अधिभार लावते, त्यांत राज्यांचा वाटा नसतो. २०११-१२ मध्ये केंद्राच्या एकूण करउत्पन्नात त्यांचा हिस्सा सुमारे १० टक्के होता, तो २०२०-२१ पर्यंत २० टक्क्यांच्या आसपास गेला. म्हणजे वाटणीची टक्केवारी वाढली, पण ज्या भांड्यातून वाटणी होते ते भांडेच लहान झाले. याला कोणी कपात म्हटले नाही.

दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्राचे. शहरांच्या वेशीवरचे जकात नाके आमच्या पिढीने पाहिले आहेत. ट्रकांच्या रांगा, पावत्यांची घासाघीस, चिरीमिरी. जकात गेली म्हणून कोणी अश्रू ढाळावेत असे आम्हाला वाटत नाही. तिच्या जागी बहुतेक शहरांत स्थानिक संस्था कर आला. तोही १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना माफ झाला, म्हणजे जवळजवळ संपला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकातही गेली. वर्षाला सुमारे ७,००० कोटी रुपये देणारे ते उत्पन्न होते. राज्याने कायदा करून पालिकांना भरपाई देण्याचे आणि ती दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढवण्याचे मान्य केले.

रक्कम मिळाली, पण पालिकेची स्वतःची विहीर बुजली आणि ती दुसऱ्याच्या नळावर पाणी भरू लागली. नळाची चावी राज्याकडे, राज्याच्या नळाची चावी केंद्राकडे. या साखळीचा कस २०२० च्या महामारीत लागला. राज्यांना भरपाई देण्याचे वचन कायद्यात होते, पण त्या वर्षी ऑगस्टमध्ये केंद्रीय अर्थमंत्र्यांनी महामारी ही देवाची करणी असल्याचे सांगितले आणि राज्यांपुढे कर्ज काढण्याचे पर्याय ठेवले. पुढे केंद्राने स्वतः कर्ज उचलून ते राज्यांना दिले, हे खरे. पण मधल्या काळात राज्याचा हात आखडला, आणि पालिकांना वाट पाहावी लागण्याची भीती निर्माण झाली. मुंबईसारख्या श्रीमंत पालिकेकडे ठेवी तरी असतात. मालेगाव, भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या शहरांनी, जिथे बहुसंख्य घरे एकदोन खोल्यांची आहेत, घरपट्टी वाढवावी तरी किती?

कपातीचा तिसरा प्रकार सर्वांत मुका आहे. त्यात एक पैसाही कमी केला जात नाही, फक्त वाढवला जात नाही. अंगणवाडीतल्या मुलाच्या आहारासाठी दिवसाला ६ रुपये मिळत, ते २०१७ मध्ये ८ रुपये झाले. त्यानंतर डाळ, तेल आणि गॅस कुठल्या कुठे गेले. ८ रुपये मात्र कित्येक वर्षे ८ रुपयेच राहिले. अंगणवाडी सेविकेच्या मानधनातला केंद्राचा हिशेब २०१८ मध्ये ३,००० वरून ४,५०० रुपये झाला आणि तिथेच बराच काळ थांबला. या कपातीवर संसदेत मतदान होत नाही, वर्तमानपत्रात मथळा येत नाही. ती खिचडीतल्या डाळीच्या पातळपणात दिसते, आणि ते पाहायला तिथे फक्त सेविका असते. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविका संपावर गेल्या तेव्हा ‘मुलांना उपाशी ठेवता का’ हा प्रश्न त्यांनाच विचारला गेला.

इथे आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. वरचा माणूस कपात करतो तेव्हा तो कधीही ‘अमुक गल्लीतला दवाखाना बंद करा’ असे लिहीत नाही. तो फक्त आकडा कमी करतो. दवाखाना की दिवाबत्ती, शाळेचे छप्पर की गटाराची दुरुस्ती, हे ठरवण्याचे निर्दय काम तो खालच्या माणसावर सोपवतो. खालच्या माणसालाही मोकळीक नसते. पगार, निवृत्तिवेतन, कर्जाचा हप्ता आणि पाणीपुरवठ्याचे वीजबिल त्याला थांबवता येत नाही. म्हणून जे ओरडत नाही त्याच्यावर कात्री चालते. दुरुस्ती पुढे ढकलली जाते. निवृत्त झालेल्या परिचारिकेची जागा भरली जात नाही. कायम सफाई कामगाराच्या जागी कंत्राटी माणूस येतो, ज्याच्या हातात हातमोजे आहेत की नाहीत हे कोणी पाहत नाही. दोन शिक्षकांच्या शाळेतले एक पद रिकामे राहिले की चार वर्ग एका खोलीत बसतात.

मग नागरिक चिडून विचारायला जातो, तेव्हा खालचा म्हणतो वरून आले नाही आणि वरचा म्हणतो खालच्यांनी नीट खर्च केला नाही. निर्णय झाला, परिणामही झाला, पण तो कोणी केला याचा पत्ता नाही. माणसाने केलेल्या कामाला कर्ता नसणे, ही आमच्या मते या सगळ्यातली सर्वांत मोठी अनीती आहे. त्यात काही वेळा तळमजल्यावर विचारायलाही कोणी उरत नाही. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. राज्यातल्या बहुतेक स्थानिक संस्थांत असाच प्रशासकांचा कारभार वर्षानुवर्षे चालला. निवडून आलेले मंडळ नसेल तर वित्त आयोगाचे अनुदान अडते, असा नियम आहे. निवडणूक न होण्यात ज्या गावकऱ्याचा काहीच हात नव्हता, त्याच्या गावाचा निधी त्यामुळे अडकला.

कपात सर्वांवर सारखी होते, असेही सांगितले जाते. आकड्यात ती सारखी असेलही. पण ज्याच्या इमारतीत टँकर येतो, ज्याचे मूल खासगी शाळेत जाते आणि ज्याच्या खिशात आरोग्य विम्याचे कार्ड आहे, त्याला पालिकेच्या खर्चातली १० टक्के घट जाणवतसुद्धा नाही. ज्याच्याकडे दुसरा नळच नाही, त्याच्यासाठी ती घट म्हणजे बुडालेली रोजंदारी, कारण घरातल्या कोणाला तरी हंडा घेऊन उभे राहावे लागते. बहुतेक वेळा ती घरातली बाई किंवा थोरली मुलगी असते. अंदाजपत्रकात तिच्या तासांची नोंद कुठेच नसते. सरकारचा जो खर्च वाचला असे आपण म्हणतो, तो पुष्कळदा तिच्या अंगावर गेलेला असतो.

हा दोष फक्त गरीब देशांचा नाही. अमेरिकेसारख्या संपन्न संघराज्यात १९७२ साली केंद्र सरकारने आपल्या महसुलाचा काही भाग राज्यांना आणि गावोगावच्या स्थानिक सरकारांना मोकळा देण्याची योजना सुरू केली होती. तूट वाढली म्हणून ती १९८६ मध्ये बंद झाली. तिथल्या स्थानिक सरकारांना केंद्रासारखी तुटीवर दिवस काढण्याची मुभा नसते, त्यामुळे गेलेला पैसा घरपट्टी वाढवून आणावा लागतो किंवा सेवा तरी कमी करावी लागते. जुलै २०२५ मध्ये तिथे झालेल्या कायद्याने गरिबांच्या अन्नसाहाय्य योजनेचा प्रशासकीय खर्च राज्यांनी निम्म्याऐवजी ७५ टक्के उचलावा असे ठरवले. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क यांसारख्या काही राज्यांत ही योजना काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी स्थानिक सरकारे चालवतात. तेव्हा वॉशिंग्टनमधल्या सहीचा बोजा तिथल्या तळमजल्यापर्यंत पोहोचणार, हे उघड आहे.

यावर एक उपाय नेहमी सुचवला जातो : समाजाने पुढे यावे. समाज पुढे येतोही. महामारीच्या दिवसांत गणेश मंडळांनी, मशिदींच्या कमिट्यांनी, गुरुद्वारांनी आणि बचत गटांनी जे अन्न शिजवले, ते या देशाच्या इतिहासात लिहून ठेवण्यासारखे आहे. आपल्या वस्तीत वर्गणीतून रुग्णवाहिका घेतली जाते, कूपनलिका खोदली जाते, शाळेला बाके दिली जातात. ही माणुसकी आहे आणि ती वाढली पाहिजे. पण हक्क आणि खैरात यांतला फरक विसरून चालणार नाही. पालिकेच्या नळाचे पाणी भरताना कोणाचे आभार मानावे लागत नाहीत, मान खाली घालावी लागत नाही, आपण कोणाचे आहोत हे सांगावे लागत नाही. वर्गणीच्या टँकरपाशी देणाऱ्याची इच्छा नसतानाही हे सगळे येते. शिवाय ज्या वस्तीत देणारे आहेत तिथे टँकर येतो. जिथे सगळेच घेणारे आहेत तिथे येत नाही. म्हणून दान हे सार्वजनिक सेवेच्या जोडीला शोभते, तिच्या जागी नाही. आम्ही खड्डा बुजवत राहिलो आणि खड्डा पाडणाऱ्याला काही विचारलेच नाही, तर आमच्या भलेपणाचा उपयोग त्याला होईल.

मग न्याय्य कपात कशी असावी? आम्हाला तीन अटी सुचतात. कपात करणाऱ्याने काय बंद होणार ते स्वतःच्या तोंडाने सांगावे. नुसता आकडा सांगून भागणार नाही. त्याने किती अंगणवाड्या, किती परिचारिका, किती किलोमीटर जलवाहिनी कमी होणार हेही सांगावे. काम खाली सोपवताना त्याबरोबर पैसा किंवा कर लावण्याचा अधिकारही खाली द्यावा. आणि कात्रीची सुरुवात ज्याच्याकडे दुसरी सोय आहे त्याच्यापासून करावी. हे अशक्य नाही. केरळने १९९६ मध्ये लोकनियोजनाची मोहीम सुरू केली तेव्हा राज्याच्या योजनेतला ३५ ते ४० टक्के निधी स्थानिक संस्थांकडे देण्याचे ठरवले आणि अंदाजपत्रकाच्या सोबत कोणाला किती हे छापून दिले. छापलेला आकडा गुपचूप कमी करता येत नाही.

आपल्या महाराष्ट्राने तर याहून जुना धडा घालून दिला आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. आजही राज्यातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकात महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात. शहरातल्या पगारदाराने गावातल्या खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीसाठी द्यावे, हा त्या कराचा मूळ अर्थ. देणारा कोण, घेणारा कोण आणि कशासाठी, हे तिन्ही त्यात स्पष्ट होते. त्याच कल्पनेचा पुढे २००५ मध्ये देशाचा कायदा झाला आणि अकुशल मजुरीचा सगळा खर्च केंद्राने उचलला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला. कामाचे दिवस १०० वरून १२५ झाले, पण खर्चाची वाटणी बहुतेक राज्यांसाठी ६० : ४० अशी झाली आणि केंद्राने ठरवलेल्या रकमेपलीकडचा खर्च राज्याने सोसायचा असे ठरले. वाढलेले दिवस मजुराला मिळतील की राज्याच्या तिजोरीपाशी अडतील, हे प्रत्येक राज्याच्या अंदाजपत्रकात दिसेल. ते वाचायला आम्ही हजर असले पाहिजे.

कारण शेवटी जबाबदारीची एक बाजू आमच्याकडेही येते. हक्क मागणाऱ्याने घरपट्टी आणि पाणीपट्टी वेळेवर भरली पाहिजे, म्हणजे त्याच्या बोलण्याला वजन येते. ग्रामसभेत, प्रभागाच्या बैठकीत अंदाजपत्रकाची प्रत मागितली पाहिजे. गेल्या वर्षी किती आले, यंदा किती आले, कमी आले असेल तर ते राज्याने अडवले की केंद्राने, हे लेखी विचारले पाहिजे. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने दहा रुपयांच्या अर्जावर हे विचारण्याची सोय दिली आहे. कारकुनाशी भांडू नये. तोही त्याच साखळीतली एक कडी आहे. पण त्याच्या उत्तरावर थांबूही नये. ‘वरून आले नाही’ असे तो म्हणाला, की ‘वर म्हणजे कोण, आणि कोणत्या तारखेच्या कोणत्या पत्राने’ एवढे विचारून ते लिहून घ्यावे. एवढे तर आमच्या वस्तीतली नववीतली मुलगीही करू शकते, आणि तिने ते शिकावे अशी आमची इच्छा आहे.